थांबण्याच्या तीन जागा

१

दुपारी दोन ते पाच आमच्या घरात वाचन चाले. मी मुद्रितशोधक. छापखान्यातून आलेले प्रूफ माझ्या मेजावर असे आणि लेखकाची मूळ प्रत माझ्या पत्नीच्या हातात. ती मोठ्याने वाचत असे, मी प्रुफावरून डोळे फिरवीत असे. स्वल्पविराम आला की ती ‘स्वल्प’ म्हणे, वाक्य संपले की ‘पूर्ण’. मजकूर जुळला की मी ‘पुढे’ म्हणे. प्रुफात काही गळले असेल तर ‘थांब’ म्हणे. ती थांबे, मी गळलेले वाक्य समासात लिहून घेई, आणि मग ‘पुढे’. बावीस वर्षे आमचा संसार बहुतांशी या दोन शब्दांवर चालला. याहून अधिक शब्दांवर चाललेले आणि मोडलेले संसार मी पाहिले आहेत.

आम्ही पाठीला पाठ करून बसत असू. हा दंडक माझ्या गुरूंचा. ते म्हणत, “वाचणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. ओळखीचा चेहरा चूक झाकतो.” वाचन चालू असताना मान वळवायची नाही, हे त्यांनी छडीने शिकवले होते आणि ते अंगी मुरले होते. माझ्या खुर्चीसमोर खिडकी होती, खिडकीखाली गल्ली. तिच्या खुर्चीसमोर भिंत. तिची खुर्ची वेताची, जुनी; बसणाऱ्याने नुसती बैठक बदलली तरी करकरणारी. शेजारी तिपाईवर पाण्याचा पेला. तीन तासांत घसा कोरडा पडे आणि पाचपर्यंत पेला तळाला जाई.

वाचनाआधी मी देवाचे नाव घेत असे. शब्द ही त्याने दिलेली ठेव आहे. तीत भर घालू नये, तीतून काही काढू नये, अशी माझी श्रद्धा होती. आजही आहे. श्रद्धा असणे वेगळे आणि तिला जागणे वेगळे, एवढेच मला उशिरा कळले.

२

एका वार्षिक अंकासाठी मी दरसाल एक लेख लिहीत असे. विषय एकच: कथेत भय कसे उभे करावे. पूर्वसूचना लवकर पेरावी, पण वाचकाच्या हाती देऊ नये, पायाखालून जाऊ द्यावी. उत्तर लांबवावे. पात्राला जे दिसत नाही ते वाचकाला दिसू द्यावे. आणि शेवटी दार पुरते उघडू नये, कारण भय खोलीत नसते, फटीत असते. लेखाचे कौतुक होई. मी लिहिलेल्या अकरा कथांपैकी मात्र एकही छापली गेली नाही. संपादिका दर वेळी हळुवारपणे सांगत, “मास्तर, सगळं जिथल्या तिथे आहे हो. पण भीती वाटत नाही.”

पोहण्यावर ग्रंथ लिहावा आणि काठावर लोकांचे कपडे सांभाळत बसावे, तशी माझी गत होती. ती मी शांतपणे सोसली होती, निदान तसा माझा समज होता.

त्या वर्षी अंकाच्या प्रुफांचे पाकीट घेऊन छापखान्याचा शिपाई आला. म्हातारा माणूस, वेळेचा इतका पक्का की सगळे त्याला घड्याळराव म्हणत.

“वहिनी, तुमचंही आहे बरं का आत,” तो दारातूनच म्हणाला.

“तुमचं म्हणजे काय?” मी पत्नीला विचारले.

तिने हात पुसले. बराच वेळ पुसले. “अहो, एक गोष्ट पाठवली होती मागे. घेतील असं वाटलं नव्हतं.”

“मला बोलली नाहीस.”

“काय बोलणार? तुम्ही समासात लाल शाईने उत्तर दिलं असतंत.”

घड्याळराव तोंडावर हात ठेवून हसला. मीही हसलो.

संध्याकाळी संपादिकेचा फोन आला. “मास्तर, घरात लेखिका लपवून ठेवलीत की. गोष्ट वाचून मी उठून दाराची कडी बघून आले. तुमचीच तालीम असणार.”

“असेल,” मी म्हणालो.

तालीम नव्हती. मी तिला फक्त स्वल्पविराम शिकवले होते.

३

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिने स्वतःची कथा मला वाचून दाखवली. ते आमचे कामच होते.

कथा एका मुद्रितशोधकाची होती. त्याची पत्नी पाठीमागे बसून वाचते आहे, तो प्रूफ तपासतो आहे. बाकी काही घडत नाही. फक्त तीन ठिकाणी, दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता, लेखिका एकेक वाक्य पेरून जाते. पेल्यातले पाणी काठोकाठ होते. खुर्ची एकदाही करकरली नव्हती. वाचताना श्वास कुठेच पडत नव्हता. मग तो माणूस खिडकीबाहेर पाहतो, तर त्याची पत्नी गल्लीतून घरी येते आहे. पाठीमागे वाचन चालूच. ‘तिने दार उघडले,’ एवढ्यावर कथा संपते.

प्रत्येक क्लृप्ती समोरून जाताना मी तिचे नाव मनात घेत होतो. ही पूर्वसूचना. हा विलंब. हे अर्धे दर्शन. जादूगाराची बाही मला उघडी दिसत होती, तरी तिसऱ्या वाक्याला माझी मान गार पडली. मी कान देऊन तिचा श्वास ऐकला, आणि तो ऐकू आल्यावर मला बरे वाटले. अकरा कथांत जे मला साधले नव्हते ते तिने, भाजी चिरता चिरता सुचावे तसे, साधले होते.

“कशी आहे?” शेवटचे ‘पूर्ण’ म्हणून तिने विचारले.

“एकदोन ठिकाणी पाल्हाळ आहे.”

“कुठे हो?”

“बघतो.”

“बघा. पण ती तीन वाक्यं तेवढी राहू द्या,” ती उठत म्हणाली. “ते तीन दगड काढलेत तर पूल पडेल माझा.”

परक्याचा मत्सर माणूस ओळखतो, कारण तो बाहेरून येतो. घरातला मत्सर घरच्याच कपड्यांत वावरतो. तो काळजीसारखा बोलतो आणि शिस्तीसारखा वागतो. मी त्याला पाल्हाळ म्हटले, आणि क्षणभर माझाही त्यावर विश्वास बसला.

४

दुसऱ्या सकाळी ती बहिणीकडे गेली असताना मी प्रूफ पुढे ओढले. पेल्याच्या वाक्यावर रेघ मारली. खुर्चीच्या वाक्यावर मारली. श्वासाच्या वाक्यावर मारली. समासात लिहिले, ‘लेखिकेची दुरुस्ती’. खाली माझी सही. लेखिका माझ्या घरात राहते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे कोणी विचारणार नव्हते. बावीस वर्षांत माझ्या सहीवर कोणी शंका घेतली नव्हती.

तिसरी रेघ मारून झाल्यावर, सवयीने, त्या रिकाम्या खोलीत मी मोठ्याने म्हणालो, “पुढे.”

चार दिवसांनी संपादिकेचा फोन आला. “मास्तर, वहिनींनी हे काय केलं? शेवट आभाळातून पडल्यासारखा येतोय. आधी अंगावर काटा आला होता, आता नुसती फसवणूक वाटते.”

“लेखिकेचा अधिकार आहे,” मी म्हणालो.

“अशीच राहिली तर मागच्या पानांत टाकावी लागेल. शेवटचं प्रूफ पाठवते, एकदा त्यांना विचारून बघा.”

“विचारतो.”

पत्नी समोरच बसून बटण शिवत होती. “काय म्हणतायत बाई?”

“काही नाही. पानांचा हिशोब.”

५

त्याच आठवड्यात आम्ही शाळेच्या भूगोलाचे प्रूफ वाचत होतो. नद्या, उतार, गाळ. पाचला वाचन संपले आणि ती चहा टाकायला आत गेली. मी उठलो. तिपाईवरचा पेला भरलेला होता.

“आज पाणी प्यायली नाहीस?” मी विचारले.

“दोनदा प्याले की,” ती आतून म्हणाली. “त्या गाळाने घसा धरला माझा.”

“पेला भरलेला आहे.”

“मग भरून आणला असेन. काय बाई तुमचं. प्रुफात मुंगीएवढी चूक दिसते, आणि बायको उठून नळापर्यंत जाऊन आली तरी कळत नाही.”

तिचे म्हणणे वाजवी होते. मी पेल्याकडे वाकून पाहिले. पाणी काठाच्याही वर, किंचित फुगून राहिले होते. असा पेला नळापासून तिपाईपर्यंत न सांडता कोणी आणू शकत नाही. मी तिपाईवरून बोट फिरवले. मग खाली बसून फरशी चाचपली. दोन्ही कोरडी होती.

पेला उचलताना माझ्याच हातून पाणी मनगटावर ओघळले. ते मी कुंडीत ओतले आणि विषय मनातून काढला. विषय मनातून काढण्यात मी तेव्हा तरबेज झालो होतो.

६

दोन दिवसांनी, नद्या संपून वारे सुरू झाले होते, तेव्हा माझ्या लक्षात आले की खुर्ची करकरत नाही. केव्हापासून, ते सांगता येईना. आवाज सुरू झालेला कळतो. आवाज नसणे केव्हा सुरू झाले, हे कोण सांगणार? मी एक परिच्छेद ऐकला, दुसरा ऐकला. तिचा आवाज नेहमीचा होता. मान वळवावीशी वाटली, आणि गुरूंची छडी आठवली. खरे कारण छडी नव्हते.

पाचला, ती दिवाणखान्यातून बाहेर पडल्यावर, मी मागोमाग गेलो. “आज उभी राहून वाचलंस का?”

“हो. कंबर धरली होती. कसं ओळखलंत?”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. “कान आहेत मला,” मी म्हणालो.

“अरे वा. नवीन बसवून घेतलेत वाटतं?”

आम्ही दोघेही हसलो. त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तेव्हा मन लागेना. क्षमा मागायची तर अपराधाचे नाव घ्यावे लागते. मी ठरवले: शेवटचे प्रूफ आले की ती तीन वाक्ये परत लिहायची. तिला कळणारही नाही. मन हलके झाले आणि मी जेवायला बसलो.

“अहो,” ती वाढता वाढता म्हणाली, “मी दुसरी गोष्ट लिहायला घेतलीय. सात पानं झाली.”

“कधी लिहितेस?”

“तुम्ही प्रार्थनेला बसता तेव्हा. घरात शांतता असते ना.”

मी मान खाली घालून जेवलो. निश्चय ताटातच राहिला.

७

शेवटचे प्रूफ सकाळी आले. “पाचला न्यायला येतो,” घड्याळराव म्हणाला. “हे गेलं की छपाई सुरू.”

पत्नीला बहिणीसोबत दवाखान्यात जायचे होते. “तीनपर्यंत येते,” चपला घालत ती म्हणाली. “नाहीच जमलं तर तुम्हीच डोळ्यांखालून घाला. माझीच गोष्ट आहे, मी काही रुसत नाही.” मूळ प्रत तिने आपल्या खुर्चीवर ठेवली आणि ती गेली.

दोन वाजता मी मेजाशी बसलो. देवाचे नाव घ्यायचे राहिले. सही करायची, पाकीट बंद करायचे, एवढेच काम होते.

पाठीमागे कागद हलला. तिने वाचायला सुरुवात केली.

लवकर आली असेल, मला वाटले. दार वाजलेले मी ऐकले नव्हते. पण असे काही मला ऐकू येत नाही, हे तिनेच सांगितले होते. शीर्षक जुळले. मी म्हणालो, “पुढे.” पहिला परिच्छेद जुळला. “पुढे.”

“पेल्यातले पाणी काठोकाठ होते. पूर्ण.”

ती थांबली. प्रुफात ते वाक्य नव्हते. माझ्या धंद्याचा धर्म स्पष्ट होता: ‘थांब’ म्हणायचे आणि समासात लिहून घ्यायचे. पण ‘थांब’ म्हटले की ती विचारणार, हे गळले कसे. मी पेन्सिल घट्ट धरली.

“पुढे,” मी म्हणालो.

तिने काही विचारले नाही. वाचू लागली. पुढच्या पानावर ती पुन्हा थांबली. “खुर्ची एकदाही करकरली नव्हती. पूर्ण.”

मी ऐकले. माझ्या पाठीमागे वेताचा एकही तंतू हलत नव्हता. कंबर धरली असेल, उभी असेल, मी स्वतःला सांगितले. पण आवाज बसलेल्या माणसाच्या उंचीवरून येत होता, माझ्या मानेच्या सरळ रेषेतून.

“पुढे.”

आता मी शब्दांऐवजी शब्दांमधल्या जागा ऐकत होतो. स्वल्प. स्वल्प. पूर्ण. लांब वाक्य आले, अर्ध्या पानाचे. तिला त्यात नेहमी दोनदा श्वास घ्यावा लागे. ते एका सुरात, अखंड, शेवटपर्यंत गेले.

“वाचताना श्वास कुठेच पडत नव्हता. पूर्ण.”

आणि शांतता. ती शांतताही पोकळ होती. तीत कोणी श्वास रोखून धरलेला नव्हता.

मी डोळे वर केले. खिडकीखाली गल्लीत माझी पत्नी उभी होती. हातात औषधांची पिशवी. शेजारीण काहीतरी सांगत होती आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती.

मला जे कळायचे ते सगळे त्या क्षणी कळले. हेही कळले की पाठीमागे वाट पाहिली जात आहे. पेन्सिल माझ्या हातात होती. समास कोरा होता. ‘थांब’ म्हटले असते तर तीन वाक्ये परत आली असती. कथा पूर्ण झाली असती. अंकाच्या पहिल्या पानांत गेली असती, लोकांनी उठून दाराच्या कड्या तपासल्या असत्या, आणि मला ‘वहिनींचे यजमान’ म्हटले असते. पाठीशी ते बसलेले असताना मला भीती वाटली ती याची. याहून लाजिरवाणी गोष्ट मला स्वतःविषयी सांगता येत नाही.

“पुढे,” मी म्हणालो.

वाचन शेवटाकडे गेले. गल्लीतली पत्नी दिसेनाशी झाली. जिन्यावर तिची पावले वाजली. तिच्या किल्लीचा आवाज आणि पाठीमागचे ते वाक्य एकदमच झाले.

“तिने दार उघडले. पूर्ण.”

ती आत आली. दार माझ्या डाव्या हाताला आहे. मान न वळवता ती मला दिसत होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती, तिच्या खुर्चीकडे. मी तिच्या चेहऱ्यावर भीती शोधली. भीती नव्हती. ओठ आवळलेले, डोळे बारीक, आणि गालावर एक ताण, जो मी ताबडतोब ओळखला. कारण पंधरा दिवस दाढी करताना मी तो आरशात पाहत होतो.

“हिला कधीपासून बसवलंत माझ्या जागेवर?” ती म्हणाली.

मागे कुणीतरी कागद नीट जुळवून तिपाईवर ठेवले. मी मान वळवली नाही.

पाचला घड्याळराव आला. मी सही केलेले पाकीट त्याच्या हाती दिले.

८

अंक आला तेव्हा पत्नीने आपली कथा मागच्या पानांत शोधून उभ्याउभ्याच वाचली. मिटून माझ्या मेजावर ठेवली.

“तीन जागी थांबायला हवं होतं,” ती म्हणाली.

मी सगळे सांगितले. रेघा, समासातले शब्द, सही. तिने मध्ये तोंड घातले नाही. ऐकण्याची शिस्त तिला होतीच.

“मी परत लिहिणार होतो,” मी म्हणालो.

“तिने विचारलं असेल ना तुम्हाला? थांबली असेल ना?”

“थांबली होती.”

“मग काय म्हणालात?”

“पुढे.”

ओळ जुळल्यावर हलवावी तशी तिने मान हलवली, आणि ती आतल्या खोलीत गेली. आता ती तिथेच लिहिते. तिच्या चार कथा आल्या आहेत. लोक म्हणतात, भीती वाटते. माझ्याशी ती नीट बोलते, वेळेवर जेवायला वाढते, औषधांची आठवण करते. माझ्यासाठी वाचत मात्र नाही. मी तो वार्षिक लेख लिहिणे सोडले आहे.

प्रुफे येतात. दोन वाजता मी मेजाशी बसतो. पेला मी भरत नाही. तो भरलेला असतो. वाचन सुरू होते. कायद्याचे पुस्तक असो, व्याकरण असो, नद्या असोत, मध्ये केव्हातरी ती तीन वाक्ये येतात. माझ्या प्रुफात ती नसतात.

मी आता ‘थांब’ म्हणतो. पहिल्याच वाक्याला म्हणतो. देवाचे नाव घेऊन, स्पष्ट, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो. आतली लेखणी क्षणभर थांबते.

वाचन थांबत नाही.